माझाच ऊस, माझाच डायफ्रम

प्रति,
मा. संपादक,
वाचकांची पत्रे

विषय: पेट्रोलमधलं इथेनॉल आणि जुन्या गाडीचा पंप

महोदय,

पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या गाड्या बिघडतात अशी ओरड करणारे म्हणजे अंगणात जुन्या गाड्या पुसत बसणारे चार हौशी लोक, बाकी जनतेला कसला त्रास नाही, अशा अर्थाचं एका वाचकाचं पत्र आपण मागच्या आठवड्यात छापलंत. त्या चारांपैकी एक मी. लातुरात राहतो आणि गाडी पुसतो हेही खरं. म्हणून उत्तर देतोय. पत्र लांबलं तर कात्री लावा, फक्त डायफ्रमचा, म्हणजे गाडीच्या पंपातल्या रबरी पडद्याचा, भाग कापू नका.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक ट्रेडला मी अठ्ठावीस वर्षं शिल्पनिदेशक होतो. औसा तालुक्यात वडिलांची सात एकर जमीन आहे, त्यातल्या तीन एकरांत ऊस. म्हणजे ज्या इथेनॉलबद्दल, पेट्रोलमध्ये मिसळतात त्या अल्कोहोलबद्दल, बोलायचं, ते माझ्याच उसातून निघतं आणि माझ्याच गाडीत पडतं. दोन्हीकडून मीच. कोणाच्या बाजूने बोलतोय हे शोधायचा त्रास कोणी घेऊ नये, एवढ्यासाठी आधीच सांगून टाकलं.

गाडी १९६६ सालची एमजीबी. पेट्रोल भरायला गेलं की तिथला पोरगा विचारतोच, "काका, एमजी म्हणजे ती हेक्टरवाली ना?" नाव तेच, पण ही वेगळी. इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ पासून १९८० पर्यंत ही बनत होती, पाच लाखांच्या वर बनली. दोन सीटा, वर कापडी टप, १७९८ सीसीचं इंजिन, त्यावर पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे एस.यू. कंपनीचे दोन कार्बोरेटर. १९९२ मध्ये हैदराबादला एका डॉक्टरांच्या अंगणात चिंचेखाली उभी होती आणि सीटच्या काथ्यात उंदरांचा संसार होता. अठरा हजारांना घेतली. तेवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या, हे आई शेवटपर्यंत ऐकवत राहिली, आणि हिशेब तिचाच बरोबर होता. तेव्हा हौस म्हणा, खूळ म्हणा, माझी हरकत नाही.

आता मूळ गोष्ट. गाडीच्या टाकीतून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचवायला एक पंप लागतो. आपल्याकडे पेट्रोल पंप म्हटलं की रांगेत उभं राहायची जागा डोळ्यांसमोर येते, म्हणून मी याला नुसता 'गाडीचा पंप' म्हणतो. अँबॅसिडर, फियाटला तो इंजिनाला चिकटलेला असायचा, सगळे त्याला एसी पंप म्हणत. एमजीबीचा पंप विजेवर चालतो. ड्रायव्हरच्या मागे उजव्या बाजूला, बॅटरीच्या शेजारी, गाडीच्या पोटाखाली तो बसवलेला असतो. आतली करामत शाळेतल्या विजेच्या घंटेसारखी आहे. कॉइलमध्ये वीज आली की लोखंडी चकती ओढली जाते, तिच्याबरोबर रबरी कापडाचा पडदा, म्हणजे डायफ्रम, मागे येतो आणि टाकीतलं पेट्रोल आत ओढतो. चकती टोकाला पोचली की पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून वीज जोडणाऱ्या धातूच्या टिकल्या, उघडतात, वीज तुटते, स्प्रिंग डायफ्रमला पुढे ढकलते, पेट्रोल कार्बोरेटरकडे जातं, पॉइंट पुन्हा मिटतात. दर खेपेला एक 'टक्'.

त्या टकटकीवर या गाडीची नाडी कळते. चावी फिरवली की आठदहा वेळा भरभर टकटक, मग कार्बोरेटरच्या वाट्या भरल्या की आवाज मंद होत थांबतो. चालत्या गाडीत मध्येच एखादी टक्. न थांबता टकटक चालू राहिली तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतोय असं समजायचं. अजिबात आवाज नाही, तर पॉइंट जळाले किंवा अर्थिंग गेलं. हे मी पोरांना फळ्यावर शिकवलेलं आहे. डोळे मिटून ऐकायला लावायचो, पोरं हसायची.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही नवरा-बायको उजनीला बासुंदी खायला निघालो. आमची उजनी औशाच्या पुढची, तुळजापूरच्या रस्त्यावरची. सोलापूरकरांनी धरण आठवू नये. गाळप नुकतंच सुरू झालेलं, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॉलीला ओलांडायला म्हणून ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीने ठसका दिला. पुन्हा दाबला, पुन्हा ठसका, आणि मग गप्प. कडेला घेऊन चावी फिरवली. टकटकटकटक, थांबायचं नावच नाही. दोन मिनिटांनी तीही बंद.

हिने काही न बोलता डिकीतलं पोतं काढून माझ्या हातात दिलं. तेहतीस वर्षांचा सराव आहे. पोतं अंथरून खाली सरकलो आणि व्हील स्पॅनरने पंपाच्या बुडावर दोन हलके ठोके दिले. एस.यू. पंपाला ठोका देणं हा जगभरचा रिवाज आहे, इंग्लंडमध्येही लोक हेच करतात. अडकलेले पॉइंट ठोक्याने सुटतात. टकटक सुरू झाली, गाडी चार किलोमीटर चालली, पुन्हा मेली. असं तीन वेळा. तिसऱ्या खेपेला ती ओलांडलेली ट्रॉली सावकाश मागून आली. ड्रायव्हर माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. "कुठं निघालाव सर? अन् असं रस्त्यात निजून?" त्याने फोन करून गावातून छोटा हत्ती मागवला. बासुंदी राहिली ती राहिलीच, आणि तिचा उल्लेख घरात अजून होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसलो. आधी स्वयंपाकघरातला गॅस बंद, देवापुढची समईही मालवायला लावली. बॅटरीची वायर सोडली. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून घेतलं. टाकीत पेट्रोल असताना पंपाची नळी सोडली तर ते कोपरापर्यंत ओघळत येतं आणि शेजारी बॅटरी आहे. हा आळस मी एकदा १९९६ साली केला होता, पुन्हा केला नाही.

पंप बाकावर घेऊन उघडला. संपादक महोदय, इथून पुढे कात्री नको.

पंपात पेट्रोल शिरतं तिथे तर्जनीच्या पेराएवढी पितळी जाळी असते. ती तपकिरी चिकट पदार्थाने बुजून गेली होती. रंग आणि दाटपणा थेट काकवीसारखा. जुन्या टाकीच्या पत्र्याला वर्षानुवर्षं पेट्रोलचा थर बसतो, लाखेसारखा. साध्या पेट्रोलमध्ये तो जागचा हलत नाही. इथेनॉल मात्र चांगला द्रावक आहे, तो हा थर सोडवतो, गंजाचे कण मोकळे करतो आणि सगळी वरात जाळीवर आणून उभी करतो. टाकी ते पंप यांच्यातला रबरी पाईप मी चार वर्षांपूर्वी बाजारातून आणून घातला होता. बाहेरून काळाभोर, नवाच दिसत होता. दाबला तर मऊ, शिळ्या जिलबीसारखा, आणि क्लिपजवळ बारीक भेगा. हवा तिथूनच शिरत होती.

आणि डायफ्रम. हा सपाट असायला हवा, बोटाने दाबला की लवून परत येणारा. माझा तव्यावरच्या पोळीसारखा एका बाजूला फुगलेला होता, थर एकमेकांपासून सुटलेले, कडेला सुरकुत्या. असा डायफ्रम पुरता मागे-पुढे होत नाही. चकती अर्ध्यात अडली की पॉइंट मिटलेलेच राहतात, कॉइलमधून वीज वाहत राहते, कॉइल तापते, पॉइंटवर काळे खड्डे पडतात. म्हणजे रोग रबराला आणि ताप विजेला. नुसते पॉइंट एमरी पेपरने घासून गाडी चालू केली असती तर आठवड्यात पुन्हा रस्त्यावर निजलो असतो.

सगळं पाप इथेनॉलच्या माथी मारणार नाही. डायफ्रम मी २००९ मध्ये घातला होता, म्हणजे त्याचंही वय झालेलं. गाडी पावसाळ्यात दोन-दोन महिने उभी असते. उभ्या गाडीचं पेट्रोल तसंही शिळं होतं, त्यात इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पण २००९ च्या आधीचा डायफ्रम सतरा वर्षं टिकला होता आणि काढला तेव्हा तो कडक झालेला होता, फुगलेला नव्हता. म्हातारपण आणि सूज यांतला फरक अठ्ठावीस वर्षं पोरांना शिकवल्यावर मला कळायला हरकत नसावी.

तरी खात्री करावी म्हणून नातीच्या शाळेतून विज्ञानाच्या बाईंकडून शंभर मिलिलिटरची मोजनळी मागून आणली. नव्वद मिलिलिटर पेट्रोल, त्यात दहा मिलिलिटर पाणी, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, इथेनॉल मिसळतं. त्यामुळे ते पेट्रोल सोडून खाली पाण्यात येतं. दहावर असलेली रेघ अर्ध्या तासात अठ्ठावीसच्या आसपास गेली. नव्वदात अठरा, म्हणजे वीस टक्के. पंपवाल्याने कणभर फसवलेलं नाही, सरकारने सांगितलं तेवढंच त्याने घातलं होतं. वर उरलेल्या धुतल्या पेट्रोलमध्ये बाजारातल्या त्या पाईपच्या नव्या वेटोळ्याचा एक तुकडा टाकला, दुसरा तुकडा न धुतलेल्या पेट्रोलमध्ये. पंधरा दिवसांनी व्हर्नियर लावला. पहिला होता तसाच. दुसरा जवळजवळ एका मिलिमीटरने जाड झालेला, आणि बाटलीतल्या पेट्रोलला चहाचा रंग.

आता दुरुस्तीची तऱ्हा ऐका, कारण जुन्या गाडीवाल्याचे हाल इथे सुरू होतात.

पहिला सल्ला मिळाला तो ओळखीच्या गॅरेजवाल्याचा. "सर, कशाला त्या म्हाताऱ्या पंपाच्या नादी लागता? इंजेक्शनच्या गाडीचा पंप टाकून देतो." माणूस चांगला, सल्ला जीवघेणा. एस.यू. कार्बोरेटरला साधारण तीन पाउंडाचा दाब पुरतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप चाळीस पाउंडांच्या पुढे दाब देतो. कार्बोरेटरमधली फ्लोटची सुई हा लोंढा अडवू शकत नाही. पेट्रोल वाट्यांतून उतू जाऊन गरम एक्झॉस्टवर पडलं की पुढचं वर्णन नको. कार्बोरेटरच्या कुठल्याही गाडीला कोणी असा पंप बसवून देत असेल, तर चहा पिऊन उठून या.

दुसरा शहाणपणा माझा स्वतःचा. ऑनलाइन कमी दाबाचा इलेक्ट्रॉनिक पंप दिसला, म्हटलं इंग्लंडहून सामान येईपर्यंत काम भागेल. चार दिवसांत आला. लाल वायर, काळी वायर. हात सवयीने चालला, काळी बॉडीला लावली, लाल फ्यूजकडून येणाऱ्या वायरला. पंपाने एकदाच टक् केलं आणि गतप्राण झाला, नंतर जळका वास. १९६७ च्या आधीच्या एमजीबीला प्लस बॉडीला असतो, मायनस वायरीतून येतो. सीटांच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, त्याही तशाच जोडलेल्या. पॉइंटच्या साध्या जुन्या पंपाला उलटसुलट चालतं, इलेक्ट्रॉनिकला चालत नाही. 'अर्थिंग आधी बघा' हे ज्या माणसाने वर्गात रोज सकाळी म्हटलं, त्याच्या हातून हे झालं. माजी विद्यार्थी शेजारी उभा होता. बिचारा खूप वेळ आभाळाकडे बघत राहिला.

शेवटी इंग्लंडहून डायफ्रम आणि पॉइंटचं किट मागवलं. सॉल्सबरीची बर्लेन ही कंपनी एस.यू.चे सुटे भाग आजही बनवते, आता इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे. या एस.यू.चं मूळही मजेशीर आहे. एस.यू. म्हणजे स्किनर्स युनियन. स्किनरांचं घराणं बुटांच्या धंद्यातलं, त्यांच्या पहिल्या कार्बोरेटरात चक्क चामड्याचा भाता होता. चामड्यापासून सुरू झालेली गोष्ट रबरापाशी येऊन अडली, एवढंच.

किट यायला तीन आठवडे लागले, वर आयात शुल्क. जोडणीला नातीला बसवलं, कारण डायफ्रमच्या मागे चकती मधोमध राहावी म्हणून अकरा बारीक पितळी रोलर गोलाकार रचायचे असतात आणि माझी बोटं आता जाड झालीत, थरथरतातही थोडी. पोरीने दहा बसवले आणि अकरावा हातातून सुटून तुळशी वृंदावनाकडे पळाला. पाऊण तास तिघंजण अंगण झाडत होतो. सापडला तो रांगोळीत. सगळे बसल्यावर डायफ्रम फिरवत आत न्यायचा, इतका की पॉइंटची झोकांडी, म्हणजे पॉइंट उघडमीट करणारा खटका, पलटी खायची थांबते. मग हळूहळू उलटा फिरवायचा, जेमतेम पलटी खायला लागेपर्यंत. तिथून आणखी चार भोकं मागे. गोलावर सहा भोकं असतात, म्हणजे दोन-तृतीयांश फेरा. एक भोक कमी-जास्त झालं तर पंप एकतर पुरता ओढत नाही, नाहीतर मध्येच अडून बसतो. नातीने मोठ्याने मोजलं, एक, दोन, तीन, चार. मग सहा स्क्रू समोरासमोरचे धरून थोडे थोडे आवळले.

टाकी उतरवून आत सायकलची जुनी चेन टाकून हलवली, निघालेला चिखल बादलीभर. टाकी आणि पंपाच्या मध्ये कागदी फिल्टर घातला. नवा पाईप घातला तो आर-नाइन छाप असलेला, आतून इथेनॉलला दाद न देणारा थर असतो तो. लातूर, सोलापूर दोन्हीकडे फिरलो, दुकानात 'पेट्रोलचा पाईप' म्हणून मिळतो त्यावर कसलाच छाप नसतो, शेवटी पुण्याहून मागवावा लागला. गाडीत बसवण्याआधी पंप बाटलीवर तपासला. मिनिटभरात लिटरची बाटली भरली. मग गाडीला जोडून चावी फिरवली. टकटकटकटक, टक, टक... आणि शांत. ही आतून म्हणाली, "लागला का सूर?" इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्यामुळे मिश्रण पातळ पडतं, म्हणून दोन्ही कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या, नट दोन-दोन पैलू फिरवून खाली घेतले, पेट्रोल थोडं जास्त जावं म्हणून, तेव्हा कुठे चढावरचा ठसका गेला.

झाली हौशी माणसाची कहाणी. आता त्या पत्रलेखकांसाठी हौस नसलेल्यांची.

आमच्या गल्लीत दूध घालणाऱ्या मामांची एम-८० पंचवीस वर्षांची आहे. दोन्ही बाजूंना किटल्या, मागे पोतं. तिला पंप नाही, टाकीतून पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं. पण तोटीत रबर आहे, पाईप रबराचा आहे, कार्बोरेटरच्या वाटीला रबरी पॅकिंग आहे. दिवाळीनंतर मामांचं पेट्रोल खाली ठिबकायला लागलं. त्यांनी पाईपला कापडाची चिंधी बांधली आणि चिंधी ओली झाली की पिळून टाकत राहिले. पिळून! मी ती गाडी अंगणात घेतली. पाईप माझ्या पाईपसारखाच, मऊ आणि भेगाळलेला. दुरुस्तीला पैसे फारसे लागले नाहीत. पण पेट्रोलमध्ये काही बदललंय हे मामांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांना वाटत होतं गाडी म्हातारी झाली.

दुसरं, फवारणीचा पंप. आमच्याकडे सोयाबीन म्हणजे घरटी एक पेट्रोलवरचा पाठीवरचा पंप. ऑगस्टमध्ये सोयाबीनवर फवारणी झाली की टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच ठेवून पंप कोठ्यात टांगतात. नोव्हेंबरात तुरीवर अळी आली की काढतात, दोरी ओढून ओढून खांदा निखळतो, पंप चालू होत नाही. त्याच्या कार्बोरेटरात नखाएवढा डायफ्रम असतो, माझ्या एमजीबीच्या डायफ्रमचा धाकटा भाऊ. निवृत्तीनंतर मी शेजारपाजाऱ्यांचे पंप फुकट बघून देतो. यंदा आलेल्या बहुतेक पंपांत दुखणं तेच होतं. अळी शेतकऱ्यासाठी थांबत नाही, दोन दिवस गेले की शेंग गेली. हे लोक हौशी आहेत का?

इथेनॉल नको असं मी म्हणत नाही. म्हणायचं तोंडही नाही, कारण कारखान्याने उसाचे पैसे वेळेवर दिले त्यात इथेनॉलचा वाटा आहे, हे मला माहीत आहे. आकडे मात्र सगळेच बोलले पाहिजेत. २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्क्यांनी सुरुवात झाली, जून २०२२ मध्ये दहा टक्के झाले आणि २०२५ मध्ये वीस. वीस टक्क्यांची मूळ मुदत २०३० होती. दहाहून वीसवर जायला तीन वर्षं लागली. एक एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग वीस टक्के सोसतील असे बनवले जातात. त्याआधीच्या गाड्या रस्त्यावर आहेत त्या आहेतच. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच उष्णता असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटलंय की जुन्या पद्धतीच्या चारचाकीचं मायलेज वीस टक्क्यांवर सहा ते सात टक्क्यांनी कमी होईल.

त्याच आराखड्यात आणखी एक आकडा आहे, तो वाचून मी थोडा वेळ गप्प बसलो. उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी. माझी टाकी चोपन्न लिटरची, तीत अकराएक लिटर इथेनॉल. म्हणजे टाकी फुल केली की एकतीस हजार लिटरच्या आसपास पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा स्टेशनवर बघायला गेलेल्यांत मी होतो. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होतं. त्याचं इथेनॉल केलं असतं तर पावणेदोनशे लिटरही भरलं नसतं. आता मक्यापासूनही इथेनॉल होतं, त्याला पाणी कमी लागतं, हे खरं. पण माझ्या तीन एकरांत मका नाही, ऊस आहे, आणि ठिबकचा विचार मी चार वर्षं करतोच आहे. हे विषयाबाहेर गेलं. राहू द्या.

माझं म्हणणं साधं आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने स्वतःच्या खुलाशात म्हटलं की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट वीस-तीस हजार किलोमीटरनंतर बदलावे लागतील, खर्च फार नाही, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊन जाईल. मान्य. मग हेच वाक्य जिथे पेट्रोल भरतात तिथे का नाही? मी ज्या पंपावर जातो तिथे हवा फुकट, पाणी फुकट, मोबाइल वापरू नका, सगळे फलक आहेत. नळीत इथेनॉल किती टक्के आहे याचा फलक नाही. विचारलं तर पोरगा म्हणाला, "सरकारी हाय काका, चांगलंच असतंय." किराणा दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर मैदा किती, साखर किती छापलेलं असतं. शंभर रुपये लिटरच्या मालावर दोन आकडे मराठीत लिहायला किती रंग लागतो? 'यात वीस टक्के इथेनॉल आहे. गाडी २०२३ च्या आधीची असेल तर रबरी पाईप तपासून घ्या. पंप-मशीन महिनाभर उभं ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा.' तीन ओळी. दूधवाल्या मामांना तेवढ्यात कळलं असतं.

आणि पाईप विकणाऱ्यांनी पाईपवर दर्जा छापलेलाच माल विकावा, हे वजनमाप-तपासणीवाल्यांनी बघायला काय हरकत आहे? शंभर ऑक्टेनचं इथेनॉल नसलेलं पेट्रोल मोठ्या शहरांत मिळतं, ते लिटरला दीडशेच्या वर. ते माझ्यासारख्याने महिन्यातून एकदा घालावं, हौस आहे तर किंमत मोजावी, त्यात मला अन्याय दिसत नाही. मामांना ते सांगता येणार नाही. त्यांना स्वस्तातला चांगला पाईप मिळाला तरी पुरे.

फुगलेला डायफ्रम मी लोणच्याच्या काचेच्या बरणीत घालून पडवीत ठेवलाय, शेजारी पाईपचे दोन तुकडे आणि मोजनळी. मोजनळी बाईंना परत करायची आहे, पण थांबवून धरलीय. त्या पत्राच्या लेखकांनी सवडीने एकदा यावं, औसा रोडला कोणालाही आयटीआयवाल्या सरांची लाल गाडी विचारा. चहा होईल. येताना स्वतःची मोटारसायकल आणावी आणि टाकी भरून आणू नये. पाईप बघून देतो, आर-नाइनचा दीड मीटर माझ्याकडे शिल्लक आहे.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक,
लातूर